चूक कुणाला दिसते? छोट्या बोर्डांसाठी भाषा निवडताना

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेवर 'मायक्रोकंट्रोलरसाठी सर्वांत चांगली भाषा कोणती' असं छापलंय. ते नाव मीच कळवलं होतं. तयारीला बसलो आणि लक्षात आलं की प्रश्नच चुकलाय. पण तोवर पत्रिका गेली होती, त्यामुळे आज चुकीच्या प्रश्नावरच बोलायचं आहे. (हशा)

या विषयावर काहीही वाचायला घ्या, एक तक्ता भेटतो. डावीकडे भाषांची नावं. सी, सी प्लस प्लस, मायक्रोपायथॉन, रस्ट, कधी लुआ, कधी फोर्थ. वर रकाने: वेग, मेमरी, सोपेपणा, लायब्ररी. प्रत्येकीला तारे दिलेले. आणि खाली निकाल: सी वेगवान आहे, पायथॉन सोपी आहे, तुमच्या गरजेनुसार निवडा. आता या निकालात खोटं काहीच नाही. पण तो वाचून कुणाचाही निर्णय होत नाही, कारण त्या तक्त्यात एक रकाना नसतोच. त्या रकान्याबद्दल मी आज बोलणार आहे, आणि त्यासाठी आधी माझी फजिती सांगावी लागेल.

माझी बहीण नारायणगावच्या बाजूला असते. त्यांची टोमॅटो-मिरचीची छोटी रोपवाटिका आहे, शेडनेटमधली. उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने एक मिनिट फॉगर चालवायचे असतात. ते काम एक माणूस उठून-बसून करायचा. मी म्हटलं, दाजी, हे तर माझं काम आहे. अर्डुइनो उनो घेतला, रिले लावला, प्रोग्रॅम लिहिला. घरी टेबलावर तपासताना एक मिनिट कोण थांबणार, म्हणून फॉगरची वेळ दहा सेकंद ठेवली. चाललं. वीस ठेवली, चाललं. तीस, तेही चाललं. मग शेडनेटमध्ये जाऊन बसवताना शेवटचा बदल केला. अर्डुइनोत थांबण्याची आज्ञा आहे 'डिले', ती मिलिसेकंदांत मोजते. कंसात मी तीस गुणिले हजार लिहिलं होतं, तिथे साठ गुणिले हजार केलं. प्रोग्रॅम बोर्डात उतरवला, फॉगर सुरू झालेले डोळ्यांनी पाहिले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो.

फॉगर रात्रभर चालू होते. पहाटे लाइट गेली तेव्हा थांबले. भारनियमनाचे उपकार मी आयुष्यात पहिल्यांदा मानले. वीसेक प्रोट्रेमधली रोपं पुढच्या चार दिवसांत बुडख्याशी कुजून कोलमडली. दाजी ओरडले वगैरे नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या मशीनला कळलं नाही का रे, की मिनिट संपून गेलं?"

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न खरं म्हणजे हाच आहे.

आता काय झालं ते नीट बघू. उनोवरची चिप आहे एटीमेगा ३२८पी. आठ बिटांची, १६ मेगाहर्ट्झची, ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम. या चिपवर सी भाषेतला साधा पूर्णांक, 'इंट', सोळा बिटांचा असतो. म्हणजे −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच आकडे त्यात मावतात. दहा हजार मावतात, वीस हजार मावतात, तीस हजार मावतात. साठ हजार मावत नाहीत. साठ गुणिले हजार हे दोन्ही साधे पूर्णांक, म्हणून गुणाकारही त्याच सोळा बिटांत होतो, आणि उत्तर येतं −५,५३६. 'डिले'ला मात्र बत्तीस बिटांचा, ऋण नसलेला आकडा लागतो. उणे पाच हजार पाचशे छत्तीस त्यात ओतलं की त्याचं होतं ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. याचे दिवस करा: ४९ दिवस आणि १७ तास. मी फॉगरला सांगितलं होतं, पन्नास दिवसांनी बंद हो. त्याने आज्ञा पाळली.

म्हणजे तीसपर्यंतची माझी सगळी तपासणी बरोबर होती आणि पूर्णपणे निरुपयोगी होती.

यात सीचा दोष किती आणि माझा किती? कुणीही जाणकार म्हणेल, हजारापुढे 'यूएल' ही दोन अक्षरं लावायला हवी होती, नवशिक्यासारखी चूक आहे. मान्य. पण टीका करायची तर जरा खोलात जाऊ. एक, सीच्या नियमपुस्तकात 'इंट' किमान सोळा बिटांचा असावा एवढंच म्हटलंय. किती मोठा ते बोर्डावर ठरतं. २०२३ मध्ये उनो आर४ आला, त्याची चिप बत्तीस बिटांची. माझा तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, तिथे बरोबर एक मिनिट थांबेल. वाक्य तेच, गाव बदललं की अर्थ बदलतो. दोन, चिन्हासह असलेला आकडा भांड्याबाहेर गेला तर काय व्हावं, हे सीने मुद्दाम ठरवलेलंच नाही. आणि तीन, मला याचा राग जास्त आहे: कंपायलरला हे दिसत होतं! साठ आणि हजार दोन्ही आकडे त्याच्या समोर लिहिलेले होते. तो इशारा देऊ शकतो, एरवी देतोही. पण अर्डुइनोच्या संपादकात इशाऱ्यांची पट्टी मुळात 'काहीच नको' वर ठेवलेली असते. नवशिक्या घाबरू नये म्हणून. ज्याला इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापासूनच तो लपवलेला.

अर्डुइनोवर मी टीका करतोय, पण त्याचं ऋणही सांगायला हवं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या एका डिझाइन संस्थेत हे सुरू झालं, त्याआधी तिथेच एर्नान्दो बार्रागान यांनी केलेल्या 'वायरिंग'च्या पायावर. वापरणारे कलाकार होते, डिझायनर होते. त्यांना दिवा लुकलुकवायचा होता. आमच्या पिढीने डिप्लोमाला ८०५१ वर, १२८ बाइट रॅममध्ये, असेंब्लीत रजिस्टरं मोजत तो दिवा लावला. त्यांना तो दहा मिनिटांत लावता आला. ही मोठी गोष्ट आहे. फक्त त्यातून एक गैरसमज पसरला, की 'अर्डुइनोची भाषा' नावाची काही सोपी भाषा आहे. तशी भाषा नाही. ती सी प्लस प्लसच आहे, वर गोड आवरण चढवलेली. आवरणाखाली सगळे सुळे शाबूत.

बरं, मग पायथॉन घ्या. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथॉन उभं केलं. ते उनोवर मावत नाही, दोन किलोबाइटमध्ये त्याला बसायलाही जागा नाही. पण रास्पबेरी पाय पिको घ्या, २०२१ चा, चार डॉलरचा बोर्ड, २६४ किलोबाइट रॅम. त्यावर आरामात चालतं. तिथे साठ गुणिले हजार किती? साठ हजार. साठ कोटी गुणिले साठ कोटी लिहा, तेही बरोबर येईल, आकडा वाढेल तसं भांडं वाढतं. म्हणजे माझी रोपं वाचली असती.

पण थांबा. वाचली असती का? मायक्रोपायथॉनमध्ये तुम्ही एखाद्या नावाची स्पेलिंग चुकवली, आणि ती ओळ फक्त तापमान चाळिशीच्या वर गेल्यावरच चालणार असेल, तर ती चूक तुम्हाला मार्चमध्ये कळत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कळते. भाषा त्या ओळीपर्यंत पोचते, तिला ते नाव सापडत नाही, आणि ती अगदी सभ्यपणे पूर्ण तक्रार लिहिते: अमुक ओळ, अमुक चूक. कुठे लिहिते? यूएसबीच्या तारेवर. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? कुणी नाही, शेडनेटमध्ये लॅपटॉप कुठून येणार. आणि प्रोग्रॅम थांबला तरी पिना जिथे होत्या तिथेच राहतात. रिले ओढलेला असेल तर ओढलेलाच. फॉगर पुन्हा चालू. सी भाषा चूक करून गप्प बसली होती. ही बोलली, पण रिकाम्या खोलीत.

आणखी एक. मायक्रोपायथॉनमध्ये आकडे फुटत नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्याचं मिलिसेकंदांचं घड्याळ, 'टिक्स एमएस', ते मात्र फिरून शून्यावर येतं. बहुतेक बोर्डांवर साडेबारा दिवसांच्या आतच. दोन वेळांमधला फरक काढायला वेगळं फंक्शन दिलंय, कागदपत्रांत स्पष्ट सांगितलंय, आणि लोक साधी वजाबाकी करतात. टेबलावर बारा दिवस कोण तपासतं? विंडोज ९५ सुद्धा ४९.७ दिवस सलग चालवलं की गोठायचं, कारण तेच, बत्तीस बिटांतले मिलिसेकंद. फक्त ते इतके दिवस न अडकता चालणंच दुर्मिळ होतं, त्यामुळे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. (हशा)

आता रस्ट. त्याचे भक्त सभागृहात असतील, असतातच. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि छोट्या चिपांवर तिचं बस्तान आता चांगलं बसतंय; ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतः त्यासाठी काम करते. रस्टमध्ये आकड्याच्या प्रकाराच्या नावातच बिटं असतात. सोळा बिटांचा हवाय असं म्हणून तिथे साठ गुणिले हजार लिहिलंत तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. कंपायलर म्हणतो, हा गुणाकार मावणार नाही. इशारा नाही, नकार. माझी चूक माझ्या टेबलावर, मला, दिव्याखाली दिसली असती. दाजींपर्यंत गेलीच नसती. टीकाकार म्हणून मला हे फार आवडतं.

पण आकडा प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नसून एखाद्या बटणावरून येणार असेल, तर कंपायलरला आधी कळणार कसं? मग रस्ट तपासणीच्या बांधणीत ओरडते, आणि अंतिम बांधणीत, काही वेगळं सांगितलं नसेल तर, निमूटपणे आकडा गुंडाळते. सीसारखीच. आणि ती जेव्हा ओरडते, 'पॅनिक' करते, तेव्हा छोट्या बोर्डावर काय होतं? बऱ्याच शिकवण्यांत एक तयार तुकडा जोडायला सांगतात, जो पॅनिक झाल्यावर अनंत फेरीत जाऊन बसतो. रिले ओढलेला. फॉगर चालू.

तीन भाषा झाल्या, आणि तिन्हींत माझी रोपं कुजवायचा मार्ग मी तुम्हाला दाखवला. याचा अर्थ सगळ्या भाषा सारख्या असा नाही. तक्त्यातला जो रकाना मी म्हणत होतो तो हा: चूक झाली तर ती कधी कळते आणि कुणाला कळते? सीमध्ये ती बहुधा गिऱ्हाइकाला कळते, परिणाम झाल्यावर. रस्टमध्ये बरीचशी लिहिणाऱ्याला कळते, आधीच. पायथॉनमध्ये ती घडताना कळते, आणि जवळ कुणी असेल तरच. भाषा निवडणं म्हणजे आपली चूक कुणाच्या पदरात पडावी हे निवडणं. वेगाचा रकाना यापुढे फार किरकोळ आहे. फॉगरच्या कामात सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मारणारी ती चिप बाकी काय करते? वाट बघते.

वेग लागतो तिथे लागतो, ते नाकारत नाही. ते रंगीत एलईडीचे पट्टे, डब्ल्यूएस२८१२, त्यांना एकेक बिट सव्वा मायक्रोसेकंदात हवं असतं. ते शुद्ध पायथॉनमधून होत नाही. पण तिथेही तो भाग सीमध्ये लिहून मायक्रोपायथॉनच्या पोटात बसवलेला आहे, तुम्ही फक्त रंग सांगता. मोटर नियंत्रण, बॅटरीवर वर्षभर चालणारं यंत्र, हजारोंनी विकायचं उत्पादन, तिथे सी किंवा रस्ट, वाद नाही. मी बोलतोय ते एकट्यादुकट्या बोर्डांबद्दल, जे आपण बहिणीच्या शेतात, सोसायटीच्या टाकीवर, शाळेच्या प्रयोगशाळेत बसवून निघून जातो.

निघून जातो, हा शब्द लक्षात ठेवा. कारण दुसरा रकाना त्यातून येतो: नंतर दुरुस्त कोण करणार? सी असो की रस्ट, बोर्डात जातं ते यंत्राच्या भाषेतलं भाषांतर. मूळ मजकूर लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर. तो पोरगा नोकरीला बंगळुरूला गेला, लॅपटॉप विकला, की बोर्ड मुका. एक मिनिटाचं पाऊण मिनिट करायला नवा प्रोग्रॅम लिहायचा. असे मुके डबे मी गावोगाव बघितलेत, वर स्केचपेनने एक मोबाइल नंबर लिहिलेला, आणि तो नंबर बंद. मायक्रोपायथॉनमध्ये मूळ मजकूरच बोर्डावर असतो. तार लावा, वाचा. त्याचं एक भावंड आहे, सर्किटपायथॉन, २०१७ पासून अडाफ्रूट कंपनीने त्याच मुळापासून वाढवलेलं. त्यात पिको लॅपटॉपला जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो. आत एक फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, ६० च्या जागी ४५ लिहा, सेव्ह करा, बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होतो.

शेवटी मी तेच बसवलं. मुख्य कारण मात्र दुसरं आहे. सर्किटपायथॉनमध्ये प्रोग्रॅम चूक होऊन पडला तर तो पिना मोकळ्या सोडतो. माझ्या जोडणीत पिन मोकळी म्हणजे रिले सुटला, फॉगर बंद. आणि बोर्डावरचा दिवा दर काही सेकंदांनी दोनदा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर काम संपलं, दोनदा म्हणजे चूक. हे कुणी कौतुकाने सांगत नाही, तुलनेच्या तक्त्यात तर नाहीच. पण चूक तारेवर न सांगता समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगायची, हा विचार कुणीतरी केलाय. त्या भाषेत उणिवा आहेत, ती जड आहे, इंटरप्ट तर मुद्दामच दिलेले नाहीत. मला चालतात.

आणि हो, बुधवार पेठेतून एक साधा टायमर रिले आणून मालिकेत जोडलाय. दोन मिनिटांवर काहीही झालं तरी तोडतो. त्याला कुठलीच भाषा येत नाही.

प्रश्न घेऊ या का? ... हो, मागून.

(श्रोत्यांतून: शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलं अर्डुइनोवरच सुरुवात करतात. ते चूक आहे का?)

चूक म्हणणार नाही. त्या लॅबमुळे सहावी-सातवीच्या मुलांच्या हातात बोर्ड आला, हेच आधी कुठे होतं. पण मला निवड दिली तर मी मायक्रोबिटवर सुरुवात करीन. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना तो फुकट वाटला. त्यावर पाच बाय पाच दिव्यांची चौकट आहे. पायथॉनमध्ये चूक झाली की त्या पंचवीस दिव्यांवर चुकीचा मजकूर आणि ओळीचा क्रमांक सरकत जातो. अकरा वर्षांचं मूल बोर्डाकडे बघतं आणि म्हणतं, सर, हा म्हणतोय सातव्या ओळीत काहीतरी आहे. मजकूर इंग्रजीत असतो ही अडचण आहेच, पण 'सात' त्याला कळतं. नंतर आठवी-नववीत उनो द्या, आणि पहिल्याच तासाला साठ गुणिले हजार लिहायला लावा. मी तसं करतो. संपादकातले इशारे आधी बंद ठेवून, मग चालू करून.

(श्रोत्यांतून: आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं. मग भाषा कोणतीही असली तरी काय फरक पडतो?)

मला वाटतं फरक वाढतो. लिहिणारा दुसरा कुणी असला की तुमच्याकडे उरतं ते वाचणं. जी भाषा तुम्हाला वाचता येते तीच निवडा. आणि लिहिणारा भरवशाचा नसेल तर कंपायलर कडक असलेला बरा, या हिशेबात रस्टचं पारडं जड होतं. एआयने दिलेला प्रोग्रॅमही टेबलावर दहा सेकंद चालवून बघितलात, तर तुम्ही माझ्याच जागी आहात.

(श्रोत्यांतून: दाजी आता काय म्हणतात?)

(हशा) परवाच फोन होता. म्हणाले, दिवा दोनदा लुकलुकतोय. मी म्हटलं, फॉगर? म्हणाले, बंद आहेत, हाताने मारतोय पाणी, तू सावकाश ये. भाच्याने वेळ बदलताना एक कंस खाल्ला होता. फोनवरच घातला त्याने.